बुळबुळतंय तो साबण नव्हे

सांगली जिल्ह्यातल्या पेठ नाक्यावर चहाला थांबलात तर पुणे-बंगळूर महामार्गावरचे टँकर जरा निरखून बघा. दुधाचा, डिझेलचा, मळीचा टँकर आपण लांबूनच ओळखतो. मधूनच एखादा असा जातो की त्याच्या पाठीवर १८२४ हा आकडा असतो आणि शेजारी एक चित्र. नळीतून थेंब गळतायत, काही हातावर, काही धातूच्या पट्टीवर, आणि हात काय नि पट्टी काय, दोन्ही खाल्ली जातायत.

१८२४ हे साल नाही. धोकादायक मालाला संयुक्त राष्ट्रांच्या यादीत नंबर दिलेले आहेत, त्यात १८२४ म्हणजे कॉस्टिक सोड्याचं द्रावण. कोरडा कॉस्टिक असेल तर १८२३. क्लोरीन वायूचा नंबर १०१७, हायड्रोक्लोरिक ॲसिडचा १७८९. हे सगळे एकाच घरचे आहेत, कसे ते पुढे येईलच. टँकर बहुधा गुजरातच्या किनाऱ्याकडून आलेला असतो आणि माल आपल्याच भागात उतरतो. साखर कारखान्यात, डेअरीत, इचलकरंजीच्या कापड धुण्या-रंगवण्याच्या प्रोसेसमध्ये, कुपवाडच्या एमआयडीसीत, साबणवाल्याकडे.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होतो. कॉस्टिकशी माझी पहिली गाठ पडली ती नोकरीच्या पहिल्याच हंगामात. पोत्यातून सांडलेल्या पांढऱ्या चकत्या उचलून मी टेबलावर ठेवल्या, हात ओले होते, आणि थोड्या वेळानं बोटं एकमेकांवरून सरकायला लागली. साबण लागलाय असं वाटून मी बोटं चोळत बसलो. बॉयलिंग हाऊसमधले, म्हणजे रस आटवायच्या विभागातले, एक जुने फिटर मामा बघत होते. म्हणाले, "सायेब, आधी नळाखाली हात धरा. बुळबुळतंय त्यो साबण न्हाई, तुमचंच कातडं हाय."

रसायनशास्त्राची पदवी घेऊन आलेल्या मला हे ठाऊक असायला हवं होतं. खरं तर मामांचं वाक्य निम्मं बरोबर होतं. तो साबणच होता, फक्त माझ्या कातडीच्या तेलाचा बनलेला.

कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. तेल किंवा चरबी दिसली की तो तिला फोडतो आणि तिचा साबण आणि ग्लिसरीन करतो. बचत गटाच्या बायका खोबरेल तेलाचा साबण करतात तेव्हा एक किलो तेलाला साधारण १८० ग्रॅम कॉस्टिक लागतो, तो नेमका याच कामासाठी. सिंकच्या नळीत अडकलेलं तूप-तेल तो असंच काढतो. दुधाच्या पाइपात बसलेली साय आणि प्रथिनं तशीच विरघळवतो. आणि आपली कातडी, डोळ्याचा पडदा, अन्ननलिका यांत तरी दुसरं काय आहे? चरबी आणि प्रथिनंच. कॉस्टिक माणूस आणि पाइप यांत भेद करत नाही. ज्या गुणासाठी आपण त्याला विकत आणतो, त्याच गुणानं तो भाजतो.

ॲसिड सांडलं की माणूस ओरडतो, लगेच हात मागे घेतो. ॲसिडनं जळलेली कातडी वरच्यावर गोठून घट्ट होते आणि आतल्या थरांना थोडाफार आडोसा मिळतो. कॉस्टिकचं तसं नाही. तो कातडी मऊ करत, विरघळवत आत आत जातो. पातळ द्रावण असेल तर सुरुवातीला दुखतही नाही, नुसतं बुळबुळतं. आग व्हायला लागेपर्यंत त्याचं बरंच काम झालेलं असतं. म्हणून मी ॲसिडपेक्षा कॉस्टिकला जास्त भितो. पाहिलेल्या अपघातांवरून बनलेलं मत आहे हे, कोणी वाद घातला तर घालू द्या.

कॉस्टिक हा क्षार, आणि आपल्या लोकांना क्षार काही नवा नाही. राखेच्या निवळीनं भांडी आणि कपडे धुणं आपल्या आज्यांनी केलंय. सुश्रुतसंहितेत तर शस्त्रक्रियेसाठी तीक्ष्ण क्षार करायची कृतीच आहे. वनस्पतींच्या राखेचं पाणी, त्यात भाजलेले शंख-शिंपले घालून आटवायचं आणि लोखंडाच्या भांड्यात तोंड बंद करून ठेवायचं. भाजलेले शिंपले म्हणजे चुना. राखेतल्या सौम्य क्षाराला चुना मिळाला की तो जहाल होतो. युरोपात वीज येण्याआधी कॉस्टिक सोडा असाच व्हायचा, धुण्याचा सोडा आणि चुन्याची निवळी एकत्र उकळून. लोखंडी भांड्याची शिफारसही आजच्या हिशेबानं बरोबर, कारण साध्या तापमानाला कॉस्टिक लोखंडाला फारसं खात नाही.

तासगावच्या बेदाण्याचंही उदाहरण घ्या. द्राक्षं रॅकवर टाकण्याआधी डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवतात. त्यानं सालीवरचा मेणाचा थर सैल होतो आणि आतलं पाणी लवकर उडतं. पोटॅशियम कार्बोनेट हा क्षारांमधला गरीब स्वभावाचा. तो द्राक्षाच्या सालीला एवढं करतो, तर कॉस्टिक आपल्या सालीला काय करील याचा अंदाज यावा.

मीठ फोडायचं कसं

कॉस्टिकचा कच्चा माल म्हणजे मीठ, पाणी आणि वीज. बस. पण वीज भरपूर. एक टन कॉस्टिकला ढोबळमानानं २,२०० ते २,५०० युनिट लागतात. महिन्याला १०० युनिट जाळणाऱ्या घराचा दोन वर्षांचा दिवा एका टनात जातो. त्यामुळे स्वस्त वीज आणि जवळ मिठागर असेल तिथंच हा धंदा परवडतो. आपल्याकडे कोयना आहे, पण समुद्र नाही. मीठ, बंदर आणि क्लोरीनचं गिऱ्हाईक तिन्ही एका ठिकाणी मिळतात ते गुजरातमधल्या दहेजसारख्या ठिकाणी.

मिठाचा प्रत्येक कण सोडियम आणि क्लोरीन यांच्या जोडीचा असतो. मीठ पाण्यात विरघळलं की ही जोडी सुटते. सोडियमवर धन भार, क्लोराइडवर ऋण भार. या पाण्यात दोन पट्ट्या सोडून एकदिश वीज सोडली की क्लोराइड धन पट्टीकडे धावतो, तिथं आपला जादाचा इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि क्लोरीन वायू होऊन बाहेर पडतो. ऋण पट्टीवर पाणी फुटतं. त्यातून हायड्रोजन वायू सुटतो आणि हायड्रॉक्साइड मागे राहतो. सोडियमला हा हायड्रॉक्साइड भेटला की झाला कॉस्टिक सोडा.

वाचायला सोपं, पण गोम पुढे आहे. हे सगळं एकाच टाकीत होऊ दिलं तर क्लोरीन आणि कॉस्टिक लगेच एकमेकांत मिसळून भलतंच काही बनवतात. हायड्रोजन आणि क्लोरीन एकत्र आले तर नुसत्या उन्हानंसुद्धा स्फोट होऊ शकतो. म्हणजे या दोघांना एकाच घरात राहायला लावायचं आणि मध्ये भिंत घालायची, पण वीज मात्र भिंतीतून गेली पाहिजे. गेली सव्वाशे वर्षं या उद्योगाचा सगळा इतिहास या एका भिंतीभोवती फिरलाय.

एक युक्ती १८९२ ची, कास्टनर आणि केल्नर या दोघांची. भिंत घालायचीच नाही, खाली पारा वाहता ठेवायचा. सोडियम पाऱ्यात विरघळतो, तो पारा दुसऱ्या टाकीत नेऊन पाण्याला भेटवला की तिथं शुद्ध कॉस्टिक मिळतो. माल उत्तम व्हायचा, पण पारा गळायचा, उडायचा, सांडपाण्यातून जायचा. जपानमध्ये १९५६ साली मिनामाताच्या आजाराची नोंद झाली. तो पारा कॉस्टिकच्या कारखान्यातला नव्हता, ॲसिटाल्डिहाइड बनवणाऱ्या कारखान्यातला होता. पण पाऱ्याची दहशत अशी बसली की जपाननं कॉस्टिकच्या पद्धतीसुद्धा बदलायला घेतल्या. पुढे २०१३ साली मिनामाताच्याच नावानं आंतरराष्ट्रीय करार झाला आणि कॉस्टिक कारखान्यांतून पारा हटवायला २०२५ ची मुदत ठरली. भारतातल्या कारखान्यांनी त्याच्या आधीच पाऱ्याला रामराम केला होता.

दुसरी युक्ती ॲस्बेस्टॉसच्या पडद्याची. ती चालली, पण कॉस्टिकमध्ये मीठ उतरायचं. आता आपल्या देशात सगळीकडे आहे तो मेम्ब्रेन. टेफ्लॉनच्या जातीच्या प्लास्टिकचा पातळ पडदा, जाडी मिलिमीटरपेक्षाही कमी. त्याच्या अंगात ऋण भाराचे कण पक्के बसवलेले असतात. गळीत हंगामात कारखान्याच्या गेटवरचा वॉचमन चिठ्ठी असलेलीच गाडी आत सोडतो, तसा हा पडदा फक्त धन भाराच्या सोडियमला पलीकडे जाऊ देतो. क्लोराइड आणि हायड्रॉक्साइड दोघेही ऋण, त्यांना तो परत लोटतो. क्लोरीन या बाजूला, कॉस्टिक आणि हायड्रोजन त्या बाजूला. एका सेलला, म्हणजे पडदा घातलेल्या एका टाकीला, तीनेक व्होल्ट पुरतात, पण असे शेकडो सेल एका माळेत जोडलेले असतात आणि त्यांतून हजारो अँपिअर वाहतात. आत ८५ ते ९० अंश तापमान असतं.

हा पडदा फार नाजूक प्रकृतीचा आहे. मिठाबरोबर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम येतात, ते पडद्याच्या आत जाऊन खडे धरतात. म्हणून मिठाचं पाणी सेलला जाण्याआधी इतकं गाळतात की कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळून शंभर कोटी भागांत २० भागांहून कमी राहिले पाहिजेत. माझ्या मते कॉस्टिकच्या कारखान्यातलं खरं कसब सेलमध्ये नसून या गाळणीत आहे. आमच्या धंद्यात रस शुद्धीकरण बिघडलं की पुढची साखर बिघडते, तसंच.

सेलमधून निघतो तो ३२ टक्क्यांचा कॉस्टिक. त्याला आटवून ५० टक्क्यांच्या आसपास आणतात. हे आटवणं उसाचा रस आटवण्यासारखंच, एका बॉडीची, म्हणजे आटवायच्या भांड्याची, वाफ दुसऱ्या बॉडीला द्यायची. या पाण्यासारख्या मालाला बाजारात लाय म्हणतात. लाय आणखी आटवली, अगदी कोरडी पडेपर्यंत, की वितळलेला कॉस्टिक उरतो. तो थंड फिरत्या ड्रमवर घेऊन पात्यानं खरवडला की पांढऱ्या चकत्या पडतात, त्याच फ्लेक्स. गुऱ्हाळ पाहिलेल्याला सांगायचं तर लाय म्हणजे काकवी आणि फ्लेक्स म्हणजे गूळ. फरक एवढाच की इथला गूळ ३१८ अंशाला वितळतो आणि त्याच्या कढईला निकेल धातू लागतो.

न मागितलेला भाऊ

एक टन कॉस्टिक केला की ८८६ किलो क्लोरीन आणि २५ किलो हायड्रोजन तयार होतो, मागा किंवा मागू नका. मीठ जातं दीड टनाच्या जवळपास. हा हिशेब निसर्गाचा आहे, मालकाला बदलता येत नाही.

आणि इथंच या धंद्याचं अर्थशास्त्र अडतं. कॉस्टिक टाकीत भरून ठेवता येतो. क्लोरीन विषारी वायू, तो साठवून किती साठवणार? त्यामुळे क्लोरीनला गिऱ्हाईक असेल तेवढाच कॉस्टिक काढता येतो. क्लोरीनपासून होणाऱ्या पीव्हीसी पाइपांची मागणी घटली की क्लोरीन पडून राहतो, सेल हळू चालवावे लागतात, कॉस्टिकचा पुरवठा आखडतो आणि भाव चढतो. इस्लामपूरच्या साबणवाल्याला प्रश्न पडतो की माझ्या मालाला मागणी तीच, मग कॉस्टिक महागला कसा? त्याचं उत्तर कुठल्या तरी पाइपच्या कारखान्यात असतं.

हा क्लोरीनही आपल्या दारात येतोच. विरलेल्या चुन्यावर क्लोरीन सोडला की ब्लीचिंग पावडर होते. गावात तिला टीसीएल म्हणतात आणि ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ती टाकीत टाकतो. क्लोरीन आणि हायड्रोजन एकत्र जाळून पाण्यात विरघळवले की हायड्रोक्लोरिक ॲसिड, टँकरवरचा १७८९. आणि फोडून वेगळे केलेले दोघे, कॉस्टिक आणि क्लोरीन, पुन्हा थंडपणे एकत्र आणले की हायपोक्लोराइट. २०२० साली कोरोनात गल्लोगल्ली जे फवारलं ते हेच. म्हणजे गावच्या विहिरीत पडलेली टीसीएल आणि कारखान्यात उतरलेला कॉस्टिक एकाच मिठाच्या खड्याचे दोन तुकडे असू शकतात.

बॉयलिंग हाऊसमध्ये

साखर कारखान्यात कॉस्टिक कशाला, असं पाहुणेमंडळी विचारतात. रस आटवताना इव्हॅपोरेटरच्या नळ्यांना आतून खडकासारखा थर धरतो. चुन्याचे क्षार, सिलिका वगैरे. थर जाड झाला की वाफ वाया जाते आणि गाळप मंदावतं. मग क्लिनिंगला कारखाना थांबवायचा, बॉडीत कॉस्टिकचं पातळ द्रावण भरून काही तास उकळायचं, थर भुसभुशीत झाला की काढून टाकायचा. मग पाण्यानं धुऊन नळ्या ब्रशनं घासायच्या. काही ठिकाणी त्यानंतर ॲसिडही फिरवतात. कॉस्टिक पुरता धुतला नसेल आणि वर ॲसिड पडलं तर दोघं एकमेकांना मारतात आणि त्यात उष्णता निघते. घट्ट द्रावणं असतील तर उसळतं. मध्ये पाण्याची धुलाई असते ती याच्यासाठी.

डेअरीत हाच खेळ रोज चालतो. सीआयपी म्हणतात त्याला, म्हणजे यंत्र न उघडता आतून धुणं. एक-दीड टक्का कॉस्टिक, ७०-८० अंश गरम, पाइपातून फिरवायचा. त्यानं साय आणि प्रथिनं जातात. मग पाणी, मग पातळ नायट्रिक ॲसिड, त्यानं दुधाचा खडा जातो, मग परत पाणी.

आता हे द्रावण तयार करणं, जिथं माणसं भाजतात. कोरडा कॉस्टिक पाण्यात पडला की प्रचंड उष्णता सोडतो. एक किलो फ्लेक्स ४ लिटर पाण्यात टाकले की पाणी ६० अंशांच्या आसपास वर चढतं. म्हणजे ३० अंशांचं साधं पाणी नव्वदीला जातं, चूल न पेटवता. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी ४० ला असेल तर शंभरी गाठायला कितीसं राहिलं? आणि हा हिशेब सगळं नीट मिसळलं तर. ढवळलं नाही तर फ्लेक्स तळाशी बसतात, तिथलं पाणी आधी उकळतं आणि सगळं तोंडावर उडतं.

म्हणून नियम एकच: आधी पाणी, मग कॉस्टिक. थंड पाणी, थोडे थोडे फ्लेक्स, सतत ढवळणं. उलट केलं, म्हणजे ड्रममध्ये फ्लेक्स आहेत आणि वरून पाण्याचा पाइप सोडला, तर पडणारं पहिलं भांडंभर पाणी वाफ होऊन कॉस्टिकसकट बाहेर येतं. "ड्रमच्या बुडाला थोडा राहिलाय, पाणी मारून काढतो," हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलंय तितक्या वेळा मला घाम फुटलाय. लाय पातळ करतानाही हेच, पाण्यात लाय.

भांडं कुठलं घ्यायचं? एकदा आमच्याकडे प्लॅस्टिकचा टब सापडेना म्हणून एका नवख्या पोरानं जस्ताचा मुलामा असलेली बादली घेतली. बादली तापली, आतून फसफसायला लागली, आणि पोरगं वाकून बघायला लागलं. फसफसत होता तो हायड्रोजन. ॲल्युमिनियम, जस्त आणि कथील या धातूंना कॉस्टिक खातो आणि हायड्रोजन सोडतो. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात तर ते फार झपाट्यानं होतं. पातेल्याला भोक पडेल ते पडेल, पण बंद जागेत तो वायू साठला आणि कोणी बिडी पेटवली तर पुढचं सांगायला नको. नळ मोकळे करायच्या काही पावडरींत कॉस्टिकबरोबर ॲल्युमिनियमचे कण मुद्दाम घातलेले असतात, ते याच उकळीसाठी. त्यामुळे ती पावडर टाकून सिंकवर वाकून बघू नये आणि वरून बाथरूमचं ॲसिड तर अजिबात ओतू नये.

प्लॅस्टिकचे जाड ड्रम, साधं पोलाद किंवा स्टेनलेस स्टील चालतं. पोलादाची मर्यादा तापमानाची. गरम आणि घट्ट कॉस्टिक पोलादाच्या वेल्डिंगच्या जोडांना बारीक तडे पाडतो, आणि ते तडे वरून दिसत नाहीत. म्हणून टाकीला वाफेचं कॉईल बसवताना कोणी हिशेबाशिवाय वाफ सोडू नये.

वाफेचं कॉईल लागतं कारण ५० टक्क्यांची लाय १२ अंशांच्या आसपास गोठायला लागते. आपल्याकडे जानेवारीत पहाटे तापमान तिथपर्यंत उतरतं. सकाळच्या पाळीला पंप चालत नाही, पाइप चोंदलेला असतो, आणि कोणीतरी फ्लँज, म्हणजे पाइपाचा जोड, खोलून तारेनं खुपसायला निघतो. कॉस्टिकच्या अपघातांतला हा ठरलेला प्रसंग. खडा सुटला की मागचा दाब पिचकारीसारखा येतो. चोंदलेला पाइप बाहेरून कोमट करायचा, दाब उतरलाय याची खात्री करायची, तोंड लांब ठेवायचं. थंडीत लाय आधीच ३०-३२ टक्क्यांवर आणून ठेवणारे शहाणे.

अंगावर काय घालायचं हे पोस्टरवर असतंच, पण पोस्टरवर नसलेल्या गोष्टी सांगतो. कातडी हातमोजे आणि कातडी बूट कामाचे नाहीत, कारण कातडं हेच कॉस्टिकचं खाणं. रबराचे किंवा पीव्हीसीचे हवेत. गमबूट घातला तर पँट बुटाच्या बाहेर सोडायची. आत खोचली की वरून ओघळलेला कॉस्टिक बुटात साठतो आणि पाय त्यात तासभर भिजत राहतो. नुसता चष्मा पुरत नाही. बाजूनं बंद असलेला गॉगल आणि त्यावर तोंडाची शील्ड, दोन्ही हवीत. एवढं घालून एप्रिलमध्ये काम करणं हा छळ आहे, मान्य. म्हणून हे काम सकाळी लवकर काढायचं. दुपारी दोनला ठेवलं की माणूस शील्ड वर करणारच, आणि मग दोष कामगाराला द्यायचा, ही पद्धत मला कधी पटली नाही.

पोती कुठं ठेवता तेही बघा. कॉस्टिक हवेतलं पाणी ओढतो, फाटक्या पोत्याखाली बघता बघता चिकट डबकं होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा हळूहळू धुण्याचा सोडा होतो, मग टक्केवारी भरत नाही. ॲसिडच्या कार्बॉयजवळ, म्हणजे मोठ्या बरण्यांजवळ, नको. अमोनियम सल्फेटसारख्या खतांजवळ तर नकोच, ओल मिळाली की अमोनिया सुटतो आणि गोदामात उभं राहवत नाही. साखर कारखान्यात सभासदांच्या खताचं गोदाम बऱ्याचदा शेजारीच असतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

सांडलेली पांढरी पूड साखर की मीठ की कॉस्टिक, असा प्रश्न पडला तर चाखून बघू नका, हातही लावू नका. सांगलीत उत्तर घरातच आहे. हळद पाण्यात कालवून कागदाच्या पट्टीला लावा आणि काठीनं ती पट्टी पुडीच्या ओलीला टेकवा. लाल झाली तर क्षार आहे. हळदीला चुना लावून कुंकू करतात, त्यातलाच हा रंग. सोडा आणि चुनाही पट्टी लाल करतात, तेव्हा लाल म्हणजे कॉस्टिकच असं नाही, पण सावध व्हायला तेवढं पुरे.

लागलाच तर

पाणी. भरपूर, वाहतं, आणि लगेच.

डोळ्यात गेला तर पहिले काही सेकंद सगळ्यात महागाचे. पापण्या बोटांनी उघड्या धरून नळाखाली धरायचं, किमान १५ मिनिटं, कॉस्टिक आहे म्हणून अर्धा तास, आणि दवाखान्यात नेतानाही बाटलीतून पाणी चालू. डोळे धुवायचा नळ कामाच्या जागेपासून १० सेकंदांच्या अंतरात असावा असा संकेत आहे. मी कारखाने बघायला जातो तेव्हा आधी तो नळ सोडून बघतो. कित्येकदा त्यातून आधी गंजाचं लाल पाणी येतं, कधी काहीच येत नाही.

अंगावर सांडला तर कपडे काढा, लाज बाजूला ठेवा. भिजलेला कपडा म्हणजे कॉस्टिकची पट्टी बांधल्यासारखं. कोरडे फ्लेक्स असतील तर आधी झटकायचे, मग पाणी. बुळबुळ गेली तरी धुणं थांबवायचं नाही.

लिंबू किंवा व्हिनेगर लावून क्षार मारायचा मोह सुशिक्षितांनाच जास्त होतो. सुश्रुतसंहितेत क्षारानंतर आंबट लावायला सांगितलंय हे खरं, पण तिथं वैद्यानं मोजून लावलेला क्षार होता. इथं तुम्ही ॲसिड शोधत फिरता तेवढा वेळ कॉस्टिक आत जातो आणि मारामारीत उष्णता निघते ती वेगळी. हळद, तूप, टूथपेस्ट हेही नाही. हळदीचं गाव असलं तरी नाही. पोटात गेला असेल तर उलटी करवायची नाही, कारण जाताना जिथं भाजलं तिथंच येताना परत भाजतं. तोंड धुवून थेट दवाखाना गाठायचा आणि काय प्यायला ते डॉक्टरांना सांगायचं, जमलं तर डब्यासकट.

महामार्गावर टँकर उलटला आणि पाठीवर १८२४ दिसला तर कॅन घेऊन धावू नका. डिझेलच्या टँकरला लोक धावतात हे सगळ्यांनी पाहिलंय. लाय दिसायला पाण्यासारखीच असते, फक्त जड. ५० टक्क्यांची एक लिटर लाय दीड किलो भरते. वारा पाठीकडून येईल असं उभं राहायचं, जनावरं आणि पोरं लांब न्यायची, पोलिसांना आकडा सांगायचा. तो आकडा सांगितला की अग्निशमनवाल्यांना निम्मं काम कळतं.

गटारात गेलेला सोडियम

वापरून झालेल्या कॉस्टिकचं पाणी थेट नाल्यात सोडता येत नाही. नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्याचा सामू (pH) सर्वसाधारणपणे ५.५ ते ९ च्या मध्ये हवा. म्हणून ते टाकीत घेऊन ॲसिड घालून सामू उतरवतात. सामू सातवर आला, कागद भरला, काम झालं, असं सगळ्यांना वाटतं.

पण ॲसिडनं मारला तो हायड्रॉक्साइड. सोडियम कुठं गेला? हायड्रोक्लोरिक ॲसिड घातलं असेल तर कॉस्टिकचं परत मीठ झालं. जिथून निघालो तिथंच आलो, फक्त गुजरातच्या किनाऱ्यावरचं मीठ आता कृष्णाकाठी आलंय. हे पाणी शेतीला दिलं तर सोडियम मातीत बसतो. काळ्या मातीचे कण एकमेकांना धरून असतात ते कॅल्शियममुळे. त्याची जागा सोडियमनं घेतली की कण सुटे होतात, माती ओली असताना चिखल आणि वाळली की दगड, पाणी मुरत नाही. आपल्याकडे अशा जमिनीला चोपण म्हणतात. मिरज, पलूस, वाळवा या भागांत उसाला पाणी पाजून पाजून क्षारपड झालेल्या जमिनी काय असतात हे शेतकऱ्याला सांगायला नको. त्यात कॉस्टिकच्या धुलाईचं पाणी म्हणजे भरीत भर.

म्हणून सांडपाण्याचा रिपोर्ट हातात आला की नुसता सामू बघू नका, सोडियमचा आकडा आणि विद्राव्य क्षार बघा. कॉस्टिकची पहिली धुलाई वेगळ्या टाकीत साठवून पुढच्या क्लिनिंगला परत वापरली तर सोडियम मुळातच कमी जातो, आणि कॉस्टिकही वाचतो. जमिनीत गेलेल्याला जिप्सम लागतं. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणावरून हटवतं, पण हटलेला सोडियम पाण्याबरोबर वाहून जायला खाली निचऱ्याची नळी हवी. नळी नसेल तर जिप्समच्या गोण्या कितीही टाका, पुढच्या उन्हाळ्यात क्षारांचा पांढरा थर परत वर येतो.